गिरगावचं गिरगावपण जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गिरगाव, ठाकूरद्वार, मुगभाट, फणसवाडी, खेतवाडी या भागातले रहिवासी. जुन्या गिरगावाचं जे काही उरलंय ते नीट राहावं म्हणून एकत्र आलो. महिन्याच्या बैठकीत, गणपतीच्या मंडपात, भाजी घेताना, जिन्यात उभ्या उभ्या लोक आम्हाला तेच तेच प्रश्न विचारतात. उत्तर घाईत दिलं की अर्धवट राहतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवलं आहे.

तुम्ही नेमके कोण? कुठल्या पक्षाचे?

कुठल्याच नाही. आमच्यात निवृत्त शिक्षिका आहेत, बँकेतले कर्मचारी आहेत, एक सुतारकाम करणारे काका आहेत, आर्किटेक्चर शिकणारी दोन मुलं आहेत. वर्गणी नाही. मतं वेगवेगळी आहेत आणि बैठकीत आवाज चढतात. फक्त एका गोष्टीवर एकमत आहे: इथली घरं आणि इथली माणसं यांचा विचार वेगवेगळा करता येत नाही.

‘परिसराचं रूप’, ‘वारसा’ हे शब्द मोठे आहेत. चाळीत कसला आलाय वारसा?

हा प्रश्न बहुतेक वेळा चाळीतच राहणारी माणसं विचारतात.

तुमच्या गॅलरीकडे बघा. एका बाजूला खोल्यांची दारं, दुसऱ्या बाजूला कठडा, मध्ये दोन माणसं एकमेकांना वाट देऊन जातील एवढी जागा. तेवढ्यात उन्हाळ्यात कुरडया वाळतात, मे महिन्यात कॅरम रंगतो, दिवाळीला सगळ्या मजल्यावर एका रांगेत कंदील लागतात. दार दिवसभर उघडं, फार तर पडदा. समोरच्या आजींनी सकाळी दूध आत घेतलं नाही, तर दहा मिनिटांत कुणीतरी कडी वाजवतं. हे शेजारपण जागेच्या रचनेतून आलं. दारं एकाच गॅलरीत उघडतात आणि जाण्यायेण्याची वाट एकच आहे, म्हणून ते टिकलं. तळमजल्यावरची पिठाची गिरणी, लाँड्री, पूजेच्या सामानाचं दुकान हीसुद्धा त्याच रचनेतली. खाली कुणीतरी कायम जागं असतं, त्यामुळे रात्री उशिरा घरी येणारी मुलगी निर्धास्त जिना चढते.

आणि इतिहासही इथंच घडला. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १९०१ मध्ये लोकमान्य टिळक त्या उत्सवाला आले होते. १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात निधन झालं आणि अंत्यसंस्कार गिरगाव चौपाटीवर झाले. मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ पासून आहे, त्याचं नाट्यगृह इथंच उभं आहे. राजवाडे आणि किल्ले जपायला सरकारी खातं असतं. मराठी मध्यमवर्ग ज्या खोल्यांमध्ये घडला, त्या कोण जपणार?

जुन्या इमारती पाडायला तुमचा विरोध आहे?

सरसकट नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसं गेली. इथून चालत जाण्याच्या अंतरावरची गोष्ट आहे. जी इमारत खरोखर धोकादायक झाली आहे ती रिकामी झालीच पाहिजे. कुठलीही तुळई माणसाच्या जिवापेक्षा मोलाची नाही.

आमचा आक्षेप दुसरा आहे. वीस वर्षं गळती होऊ द्यायची, दुरुस्ती टाळायची, आणि मग ‘आता पाडण्यावाचून इलाज नाही’ म्हणायचं. अशी इमारत वयाने मरत नाही, दुर्लक्षाने मरते. शंभर वर्षांचं सागवान नुसतं कोरडं ठेवलं तरी आणखी शंभर वर्षं भार घेतं.

हेरिटेज यादीत नाव गेलं की खिळासुद्धा ठोकता येत नाही, खरं का?

खोटं. पण ही भीती इतकी खोल बसली आहे की २०१२ साली नवी प्रस्तावित यादी आली तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागातल्या मराठी रहिवाशांनीही कडाडून विरोध केला. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. यादीत गेल्याने काय मिळतं आणि काय अडतं हे त्यांना आधी कुणी समजावून सांगायला हवं होतं.

मुंबईची वारसा नियमावली १९९५ मध्ये लागू झाली. देशात अशी नियमावली करणारं हे पहिलं शहर. तिच्यात प्रतवारी आहे. ग्रेड एक म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या वास्तू. तिथे आतून-बाहेरून शक्यतो हात लावायचा नाही, मजबुतीसाठी अत्यावश्यक असेल तेवढंच करायचं. ग्रेड दोनचे अ आणि ब असे दोन भाग आहेत. तिथे आतले बदल करता येतात, वापर बदलता येतो, आणि ‘ब’मध्ये त्याच आवारात सुसंगत वाढीव बांधकामालाही वाव आहे. ग्रेड तीनमध्ये मोकळीक त्याहून जास्त, कारण तिथे मुख्य हेतू रस्त्याचं रूप राखणं हा असतो. यांशिवाय ‘परिसर’ म्हणून, म्हणजे एकेक इमारत न धरता अख्खी वस्ती म्हणून, नोंदलेल्या जागा आहेत.

परवानगी लागते, हे खरं. बाहेरून रंग द्यायचा, खिडक्या बदलायच्या, डागडुजी करायची तरी महापालिकेकडे जावं लागतं, आणि गरजेप्रमाणे वारसा समितीचं मत घेतलं जातं. यात वेळ जातो. बदल्यात मालकाला न वापरलेला एफएसआय, म्हणजे बांधकामाचा उरलेला हक्क, टीडीआर म्हणून दुसरीकडच्या बांधकामासाठी विकण्याची तरतूद नियमावलीत आहे, तीही लक्षात घ्या. आमच्या मते नियम चांगले आहेत. अर्ज कसा करायचा हे साध्या मराठीत सांगणारं कुणी नाही, ही खरी अडचण आहे. तुमचा अर्ज अडकला असेल तर कागद घेऊन बैठकीला या, आम्ही सोबत बसून वाचतो.

आमची चाळ कुठल्याच यादीत नाही. मग तुमचा आम्हाला काय उपयोग?

गिरगावातल्या बहुतेक चाळी यादीत नाहीतच. त्या ‘सेस’, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारती आहेत. आमचं निम्मं काम अशाच इमारतींमध्ये चालतं.

हे दुखणं कुठून सुरू झालं ते समजून घ्यायला हवं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या वेळी ते गरजेचं होतं, फाळणीच्या आणि टंचाईच्या दिवसांत त्या कायद्याने लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर वाचवलं. पण पुढे दशकानुदशकं भाडं तेवढंच राहिलं. महिन्याच्या भाड्यात एक नळही दुरुस्त होईना. मालकाने हात काढून घेतला. भाडेकरू म्हणाला, इमारत मालकाची, मी का खर्च करू? दोघांच्या मध्ये इमारत भिजत राहिली. नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून आला, त्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय झाली. पण मुळात चाळीस-पन्नास रुपये भाडं असेल तर चार टक्क्यांनी काय होणार?

इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. रहिवाशांकडून उपकर घ्यायचा आणि मंडळाने दुरुस्ती करायची. उपकर म्हणजेच सेस, त्यावरून या ‘सेस’ इमारती. सुरुवातीला अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात, आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात. पुढे हे मंडळ म्हाडात आलं. आपली इमारत कोणत्या वर्गात मोडते हे आधी शोधा. पुढचे सगळे अर्ज त्यावर ठरतात.

पैसे थोडे आहेत. दुरुस्तीची सुरुवात कुठून करू?

संडासापासून. ऐकायला बरं वाटत नाही, पण आमचा आजवरचा अनुभव हाच आहे.

चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला, एकावर एक. मूळ बांधणीत तो भाग मुद्दाम बाजूला काढलेला असतो. तिथली सांडपाण्याची जुनी बिडाची नळी सांध्यात फुटते, पाणी भिंतीत झिरपतं, आणि भिंतीत रुतलेलं तुळईचं टोक आतल्या आत कुजतं. खोलीतून बघाल तर तुळई ठणठणीत. वर रंगसुद्धा ताजा. मुगभाटातल्या एका चाळीत आमचे सुतारकाका तिसऱ्या मजल्यावर गेले. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तुळई मधून ठोकत ठोकत भिंतीकडे नेली. मध्ये खणखण आवाज, भिंतीपासून हातभर अंतरावर आवाज बसका झाला. मग त्यांनी टोक लावलं, आणि स्क्रूड्रायव्हर लोण्यात जावा तसा आत गेला. ओला, काळपट भुसा बाहेर पडला. त्या खोलीतल्या काकू म्हणाल्या, “अहो, याच्याखालीच नातवाचा पाळणा आहे.” त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेकू लागला. नळी बदलली, तुळईचं कुजलेलं टोक कापून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्यांचा जोड दिला. अख्खी तुळई बदलायची वेळ आली नाही.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी सांडपाण्याच्या नळ्या, मग कौलं आणि पन्हळी, मग मोऱ्या, मग लाकूड, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं. सणासमोर रंग लावला जातो आणि गळती तशीच राहते.

भिंतीवर, पाइपामागे पिंपळाचं रोप दिसलं तर समजा की आत ओल आहे. नुसता शेंडा छाटू नका, मुळं आणखी खोल जातात आणि जाड होतात. मुळासकट काढून फट भरायला हवी. पाच इंचाचं रोप असताना हे अर्ध्या तासाचं काम असतं.

गिलावा सिमेंटचा का नको? सगळे तोच करतात.

जुन्या भिंती वीट, दगड आणि चुन्याच्या आहेत. चुना ओल घेतो आणि सोडतो. पावसाळ्यात भिजलेली भिंत दिवाळीनंतर वाळते. तिच्यावर सिमेंटचा कडक थर दिला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, दोनतीन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात, आणि जाताना तो थर विटेचा चेहराही ओरबाडून नेतो.

माझ्या स्वतःच्या चाळीत हे झालं. एका ठेकेदाराने दर्शनी भिंतीचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंट मारलं. त्याच कामात जिन्याचा ओतीव लोखंडी कठडा काढून भंगारात दिला आणि स्टीलचे पाइप बसवले. वेलबुट्टीचा कठडा होता, माझे आजोबा त्यावर हात ठेवून जिना चढायचे. आम्ही कामावर गेलो होतो. परत आलो तेव्हा टेम्पो निघून गेला होता. या कामाला लागण्याचं माझं कारण विचाराल तर हेच. आता कुठल्याही चाळीत काम निघालं की पहिलं वाक्य आमचं असतं: काढलेली एकही वस्तू रहिवाशांच्या सहीशिवाय आवाराबाहेर जाणार नाही, असं करारात लिहून घ्या.

चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी आहेत, पण आहेत. चुना आधी नीट विरवावा लागतो, घाई चालत नाही. ठेकेदार ‘चुना आता मिळत नाही’ म्हणाला तर त्याला तो वापरता येत नाही एवढाच अर्थ घ्या.

‘धोकादायक’ अशी नोटीस आली आहे. काय करू?

घाबरू नका, आणि नोटीस फाडून फेकूही नका. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याची, सी-२ अ म्हणजे काही भाग पाडून मोठी दुरुस्ती, सी-२ ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या नोटिशीवर नेमकं काय आहे ते वाचा. तीस वर्षांपुढच्या इमारतींना संरचनात्मक तपासणी कायद्यानेच बंधनकारक आहे. रहिवाशांनी स्वतःचा अहवाल करून घेतला आणि दोन अहवालांत तफावत आली, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाऊ शकतं. सेस इमारतींची पाहणी म्हाडा दर पावसाळ्याआधी करतं.

अहवाल खरोखरच वाईट आला तर मात्र घर सोडा. तिथे आम्ही भावनेला थारा देत नाही.

विकासकाची माणसं संमतीपत्रं घेऊन फिरत आहेत. सही करू का?

तो निर्णय सर्वस्वी तुमचा. आमच्यापैकी काही जणांच्या चाळी पुनर्विकासात गेल्या आहेत. पाचव्या मजल्यावर पाणी चढत नाही, संडासाला रांग, गुडघे दुखणाऱ्या आईला रोज तीन जिने, हे सोसणाऱ्याला ‘वारशासाठी थांबा’ म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही.

सही करण्याआधी इतकंच पाहा. सेस इमारतींचा पुनर्विकास बहुधा विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो, अनेक इमारती एकत्र करून समूह विकास असेल तर ३३(९). ३३(७) मध्ये ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि मूळ भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचं घर मिळतं. विकासकाला पुनर्वसनाच्या क्षेत्रावर जादा एफएसआय मिळतो, म्हणजे हे उपकार नाहीत, व्यवहार आहे. तेव्हा व्यवहारासारखं बोला. पर्यायी जागेचं भाडं किती वर्षांचं आगाऊ? बांधकाम रखडलं तर? लिफ्ट आणि पंपाच्या देखभालीसाठी कॉर्पस, म्हणजे कायमची ठेव, किती? पेन्शनवर जगणाऱ्या घराला महिन्याची देखभाल झेपेल का? या शेवटच्या मुद्द्यावर घर मिळूनही माणसं विकून जातात.

आणि दोन मागण्या आमच्या वतीने करून पाहा. तळमजल्यावरच्या जुन्या दुकानदारांना रस्त्याकडेलाच जागा. आणि प्रत्येक मजल्यावर दारांसमोर नुसत्या लिफ्ट लॉबीऐवजी बसता येईल अशी उघडी गॅलरी. नकाशा कागदावर असतानाच हे मागता येतं.

खोताची वाडी तर वाचली ना?

पूर्ण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोतांच्या जमिनीवर ही वाडी वसली, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी लाकडी जिने, पुढे पडव्या, उतरत्या कौलांची घरं बांधली. साधारण ६५ घरं होती म्हणतात, आज निम्मीही नाहीत. परिसर म्हणून नोंद असूनही एकेक घर विकलं गेलं. नियमाने गल्लीचं रूप थोडंफार धरून ठेवलं, पण घरात राहणाऱ्याला घर परवडलं पाहिजे, त्याची सोय नियमात नाही. उरलेल्या घरांतली माणसं स्वतःच्या खिशातून कौलं बदलतात. त्यांच्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे.

मेट्रोला विरोध होता का?

नव्हता. स्टेशनासाठी ज्यांची घरं गेली त्यांना गिरगावातच जागा मिळावी, एवढाच आग्रह होता आणि आजही आहे.

नागरिकांनी एकत्र येऊन मुंबईत खरंच काही साधलं आहे का?

हो. ओव्हल मैदानाची दुर्दशा झाली होती, तिथले रहिवासी १९९० च्या दशकात न्यायालयात गेले आणि मैदान सुधारून घेतलं. त्याच मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना ३० जून २०१८ रोजी जागतिक वारसा दर्जा मिळाला. एकूण ९४ इमारती. त्यामागे नागरिक संघटनांची अनेक वर्षांची खटपट होती. काळा घोडा परिसरासाठीची संस्था १९९८ मध्ये उभी राहिली. आपल्या चर्नी रोडचं रॉयल ऑपेरा हाउस १९९३ मध्ये बंद पडलं होतं, ते दुरुस्त होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. त्याच्यासमोरून वर्षानुवर्षं जाताना ते पुन्हा उजळेल असं आमच्यातल्या कुणालाही वाटलं नव्हतं.

दक्षिण टोकाला जे साधलं ते वाड्यांमध्ये अजून साधलेलं नाही. इथे बहुतेक घरं पागडीची आहेत, म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाडेहक्काची. त्यामुळे इथली लढाई जास्त किचकट आहे.

वाडीत फोटो काढायला, रील करायला येऊ का?

या, पण विचारून. गॅलरी हे लोकांचं घर आहे. दुपारी एक ते चार आजी-आजोबा झोपतात.

मी लग्नानंतर डोंबिवलीला गेले. आता माझा काय उपयोग?

तुमचाच सगळ्यात जास्त आहे. गिरगावातली निम्मी आठवण आज डोंबिवली, विरार, बोरिवलीच्या कपाटांमध्ये आहे.

वर ज्या कठड्याचं सांगितलं, त्याची नक्षी आमच्यापैकी कुणालाही नीट आठवत नव्हती. गेल्या वर्षी आमच्या चाळीत लहानपण गेलेल्या एका मावशींनी आपल्या लग्नातला फोटो पाठवला. नवरदेव जिन्यात उभा, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि त्याच्या कोपरामागे तो कठडा, अडीच पायऱ्यांपुरता, पण स्पष्ट. त्यावरून सुतारकाकांनी लाकडाचा साचा केला आणि आता पहिल्या टप्प्याचा कठडा ओतून घ्यायचं ठरलं आहे.

तेव्हा बारशाचे, मुंजीचे, गणपतीचे, गच्चीवरच्या कोजागिरीचे फोटो शोधा. फोटोत माणसं कोण आहेत यासोबत मागे काय दिसतंय तेही बघा: दार, खिडकी, लादी, दुकानाची पाटी. फोटो अल्बममधून उचकटू नका, जुने फोटो पानाला चिकटलेले असतात आणि फाटतात. अख्खं पान खिडकीच्या उजेडात ठेवून मोबाइलने काढा, मागे काही लिहिलं असेल तर तेही. सोबत चाळीचं नाव, मजला आणि खोलीचा नंबर लिहा आणि आम्हाला पाठवा.